हायब्रीडची तहान

"सिहाम, पोरी, हे परदेशी बी म्हणजे बड्या घरची लेक! आणताना कौतुक, नांदवताना नाकी नऊ. आधी घरात पाणी किती ते बघ, मग तिला उंबरा ओलांडू दे!"

यामना मावशींनी शेजारच्या छतावरून हे ओरडून सांगितलं तेव्हा सिहामनं मान डोलावली. विमा एजंटापुढे आपण डोलावतो तशी. अगदी नम्रपणे, आणि एक शब्दही आत न घेता!

डोलावणारच. तेतुआन शहरातल्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन आलेली सून होती ती. पानाकडे बघून झाडाची कुंडली मांडायची. आमच्या रीफच्या डोंगरात कीफ, म्हणजे तुमचा गांजा, पणजोबांच्या काळापासून पिकतोय. पण तो गावरान. दगडातून उगवतो, पावसावर जगतो, कुणाकडे काही मागत नाही. आता सरकारी परवाने आले, औषधवाले आले आणि गावात सोसायटी निघाली. सोसायटीला हवं होतं हायब्रीड. झाड बुटकं, फूल मुठीएवढं, भाव चढा. त्याची रोपं करायला एक शिकलेलं माणूस पगारावर घ्यायचं ठरलं.

"हे बारा दाणे घे," चेअरमन बुश्ता तिला म्हणाले. "छतावर लाव आणि फुलोऱ्यापर्यंत आणून दाखव. जमलं तर नर्सरी तुझी. नाही जमलं तर आपण भेटलोच नव्हतो."

सिहामच्या लेखी तो पगार म्हणजे मिमून होता. तिचा नवरा मिमून समुद्रापलीकडे स्पेनमध्ये प्लास्टिकच्या मांडवाखाली टोमॅटो तोडत होता. सहा महिन्यांच्या लेकीनं, दुन्यानं, बाप पाहिला होता तो फक्त फोनच्या काचेत. नर्सरी मिळाली की मिमून घरी! बारा दाणे, एक नवरा. सौदा वाईट नव्हता.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासरे, सी अल्लाल. (सी म्हणजे तुमचं 'राव'.) जन्म कीफच्या शेतात गेला, गुडघे तिथेच राहिले. बोलणं इतकं कमी, की गाव म्हणायचं, अल्लालच्या तोंडातून शब्द काढायचा तर दातांचा डॉक्टर बोलवा!

सिहामनं दाणे ओल्या कापसात गुंडाळले, दोन बशांच्या मध्ये ठेवले आणि त्या बशा दुन्याच्या पाळण्याखाली सरकवल्या. तिथे ऊब असते. मग सुरू झाल्या फेऱ्या. आधी दुन्याच्या नाकापुढे बोट धरायचं, श्वास चालू आहे ना? मग खाली वाकून बशी उघडायची, कोंब आला का? कधी घाईत बशीपुढे बोट आणि पाळण्यावर झाकण!

"हे काय चाललंय?" सी अल्लालनी विचारलं.

"बाळंतपण, बाबा."

"आम्ही मुठीनं फेकायचो."

"ते गावरान! हे नाजूक असतं. ऊब अंशावर मोजावी लागते."

सी अल्लालनी पाळण्यातल्या नातीकडे पाहिलं, पाळण्याखालच्या बशीकडे पाहिलं. "दुन्याच्या वेळी मोजले होतेस?" एवढं बोलून त्यांनी दिवसाचा शब्दांचा कोटा संपवला.

कोंब आले! उंदराच्या शेपटीसारखे पांढरे, वळवळीत. बाराच्या बारा! सिहामनं ते ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावले आणि डबे छतावर मांडले. भोवती दोरी बांधून दुन्याची दुपटी वाळत घातली, म्हणजे उन्हाची झळ नको आणि यामना मावशींची नजर नको.

"किती पितील ही?" सी अल्लालनी जिन्याच्या तळाशी बसून विचारलं.

"एकेक चहाचा पेला, बाबा. फार तर."

मे महिन्यात हे खरं होतं. जूनमध्ये पेल्याचा तांब्या झाला. जुलै लागला आणि रोपं अशी प्यायला लागली, जशी वऱ्हाडी मंडळी नवरीच्या बापाचं सरबत पितात! सकाळी पाणी घाला, दुपारी माती कोरडी. एक दिवस हात आखडा, की पानं लगेच खाली, जसं घरात कुणी गेलंय!

आणि पाणी कुठून आणायचं? नळ दिवसाआड यायचा, तोही दम्याच्या पेशंटासारखा खोकत. नाहीतर मग उताराखालचा झरा. गाढव गेल्या साली मेलं होतं. सिहाम दुन्याला पाठीशी बांधायची, डोक्यावर घागर घ्यायची आणि खेपा घालायची. स्वयंपाकघरातला रांजण भरायचा, की दुसऱ्या दिवशी अर्धा. कारण त्यातलंच पाणी घागरीनं वर छतावर जायचं. तिथे तिनं दोन विटांवर एक निळं पिंप ठेवलं होतं, अडीअडचणीसाठी.

सी अल्लालना वाटायचं, रोपं अजून पेलाभरच पितात. गुडघ्यांमुळे ते जिना चढत नसत. त्यांना दिसायचं एवढंच: रांजण रोज रिकामा होतोय, आणि सून पोर पाठीला बांधून पुन्हा उतार उतरतेय.

म्हाताऱ्यानं आपल्या परीनं उपाय केला.

"बाबा, पाणी देऊ?" जेवताना सिहाम विचारायची.

"तहान नाही."

सिहाम खूश! पान नि पान तपासणारी, दुन्याला दोनदा शिंक आली तर डॉक्टरला फोन लावणारी सिहाम. तिनं सासऱ्यांचे सुकलेले ओठ पाहिले आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं. फोनवर मिमूनला तिनं हसत सांगितलं, "तुझे बाबा उंट झालेत, उंट! पाणीच लागत नाही त्यांना. ठणठणीत!"

"बोलतात का?"

"कधी बोलले होते?"

"हं," मिमून म्हणाला. "तेही खरंच."

मग एकदा तिला दिसलं, की सी अल्लाल दाराबाहेरच्या दगडी ओट्यावर बसलेत आणि नमाजाआधी वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुणं, करताना पाण्याऐवजी कोरड्या दगडावर हात घासून ते तोंडावरून फिरवतायत. पाणी नसेल किंवा सोसत नसेल तर धर्मात ही सवलत आहे.

"बाबा, दगडानं का?"

"कातडीला पाणी सोसत नाही."

सिहामच्या काळजात चर्र झालं. तिनं त्यांच्या हाताची कातडी उजेडात धरून पाहिली, खवले नाहीत, चट्टे नाहीत. काळजी मिटली. आणि मग, देवा, तिच्या मनात काय आलं? वजूचं भांडंभर पाणी रोज पाच वेळा वाचतंय! कोपऱ्यातलं सहा नंबरचं रोप जरा सुकल्यासारखं वाटतच होतं.

तुम्हाला कळलंय. तिला कळलं नव्हतं.

ओटा रस्त्यावर. मशिदीत जाणारा प्रत्येक माणूस तिथूनच जायचा. अल्लालच्या हातात दगड दिसला आणि गावात बोभाटा झाला, "अल्लालच्या घरी थेंब नाही! मुलगा परदेशात, सून एकटी, मानी माणसं, मागणार कशी?"

दुसऱ्याच दिवशी यामना मावशी घागर घेऊन दारात उभ्या. "लाजू नकोस गं. वेळ कुणावरही येते."

सिहामला वाटलं, मावशी रोपं बघायला आल्या! ती धावत छतावर गेली, आणखी चार दुपटी टाकली आणि धापा टाकत खाली आली. "कसली वेळ, मावशी?"

"असू दे, असू दे. आम्हाला कळतं." मावशींनी डोळे पुसले, घागर ठेवली, दुन्याचा गाल ओढला आणि गेल्या.

पाठोपाठ न्हावीणबाई आली, बेकरीवाल्याची आई आली, बुश्तांची बायको तर दोन घागरी घेऊन आली. "आमच्याकडे तरी कुठे फार आहे? पण म्हातारं माणूस आहे घरात!" तिसऱ्या घागरीला सिहामच्या लक्षात आलं, काहीतरी गैरसमज झालाय. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. पण कळ्या धरायला लागल्या होत्या! आज पाणी चुकलं तर झाडं रुसतील. उद्या नक्की सांगू. निळं पिंप काठोकाठ भरलं आणि तो उद्या काही उगवला नाही.

गावाची मात्र पंचाईत झाली. आधीच दुष्काळ, त्यात प्रत्येक घर आपल्या घागरीतलं पाणी अल्लालकडे पोचवतंय. शेवटी बायकांनी ठरवलं, आता पळीची नवरी काढायची! लाकडी मोठ्या पळीला झगा घालायचा, ओढणी पांघरायची, गाणी म्हणत गावभर मिरवायची आणि प्रत्येक दारात तिच्यावर पाणी शिंपडून घ्यायचं, म्हणजे आभाळाला लाज वाटून पाऊस पडतो. सुरुवात कुठून? गावातल्या सगळ्यात तहानलेल्या घरापासून!

त्या सकाळी सिहाम दुन्याला कडेवर घेऊन छतावर होती. पहिलं फूल फुललं होतं! पांढऱ्या केसांचं, डिंकानं चिकट, वासानं डोकं धरायला लावणारं. दुपारी चेअरमन येणार होते. तिनं मिमूनला फोटो पाठवला, खाली लिहिलं, "बॅग भर!"

तेवढ्यात खाली ढोलकी वाजली.

"सिहाम! अगं, नवरी आली! शिंपड थोडं पाणी!" यामना मावशी ओरडल्या. "नसलं तर राहू दे गं, नुसती फुंकर घातलीस तरी चालेल!"

गर्दीत खसखस पिकली. मग कुणीतरी "बिचारी!" म्हणालं आणि ते सिहामच्या जिव्हारी लागलं. बिचारी? एक पळीभर पाणी द्यायची ऐपत नाही होय आमची? दुन्याला तशीच सावरत ती पिंपावर वाकली. दुन्यानं तिची वेणी ओढली. सिहामचा तोल गेला, पिंपाखालची वीट सरकली आणि...

आणि अख्खं पिंप आडवं झालं!

पाणी छतावरून पन्हळीत, पन्हळीतून रस्त्यावर. नवरीवर, ढोलकीवर, बुश्तांच्या इस्त्रीच्या शर्टावर. (चेअरमनसाहेब लवकर आले होते!)

"आला! आला! पाऊस आला!" एकच जल्लोष. बायकांनी जिभा फिरवून किलकाऱ्या मारल्या, न्हावीणबाई भर रस्त्यात नाचायला लागली, कुणी कुणाच्या गळ्यात पडून रडायला लागलं.

मग कुणीतरी वर पाहिलं. आभाळ टकलासारखं लख्ख! छताच्या कडेला लोळणारं निळं पिंप. दोरी तुटून पडलेली दुपटी. आणि त्यांच्यामागे हिरवीगार, टवटवीत, पोटभर प्यायलेली बारा झाडं.

ढोलकी थांबली.

"आमचं पाणी?" यामना मावशी हळूच म्हणाल्या.

सगळं गाव सिहामकडे बघत होतं. सिहाम बघत होती ओट्याकडे. सी अल्लाल पन्हळीखालून हलले नव्हते. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून ते बसले होते, घरट्यातलं पिल्लू बसतं तसे. पन्हळीतून उरलेसुरले थेंब टपकत होते आणि म्हाताऱ्याचा घसा प्रत्येक थेंबाला वरखाली होत होता. थेंब संपले. मग त्यांनी हात लांब करून पळीच्या नवरीची ओली ओढणी ओढून घेतली, पिळली आणि तोंडात धरली.



मग ते बसल्या जागी कलंडले.

तालुक्याच्या इस्पितळात डॉक्टरनं सलाइन लावलं आणि सिहामकडे न बघता विचारलं, "हे पाणी किती दिवसांपासून पीत नाहीत?"

"तहान नाही म्हणायचे," सिहाम म्हणाली.

सी अल्लालनी डोळे उघडले. आयुष्यात बोलले नसतील इतकं एका दमात बोलले, तेही तिला धीर देत. "तू पोर पाठीला बांधून चढतेस, मला बघवत नव्हतं. म्हटलं, मी कमी प्यालो तर तुझ्या खेपा वाचतील. पण मी जितकं कमी प्यालो, तितक्या तुझ्या खेपा वाढल्या. हे गणित काही मला कळलं नाही, पोरी. तू शिकलेली आहेस. तुला कळलं का?"

सिहामला गणित कळलं होतं.

मिमून आला! रोपं, नर्सरी, पगार यांपैकी काहीही न होता, एका फोनवर आला. दुन्या त्याला बघून किंचाळून रडली. काचेबाहेरचा माणूस तिला माहीतच नव्हता. त्याच्या मुकादमानं आठवड्याची सुट्टी दिली होती. आठवडा इस्पितळाच्या बाकावर गेला. मिमून बायकोला काही बोलला नाही. बापावर गेलाय तो. निघताना त्यानं फक्त रांजण काठोकाठ भरून ठेवला.

छतावरची झाडं तोवर उभ्या उभ्या वाळली होती. चेअरमन बुश्ता येऊन बघून गेले. "फूल मी डोळ्यांनी पाहिलं होतं, सिहाम. कष्ट तुझेच. पण पाणी आमचं होतं." नर्सरी मिळाली बोअरवेलवाल्याला. यामना मावशी महिनाभर बोलल्या नाहीत. मग एक दिवस छतावरून ओरडून दुन्याचा दात आला का ते विचारलं, एवढंच.

सी अल्लाल घरी आलेत. मूत्रपिंडं निम्मीच चालतात. डॉक्टरनं बजावलंय, पाणी वेळच्या वेळी पोटात गेलंच पाहिजे. सिहाम पेला घेऊन समोर उभी राहते. ते अजूनही म्हणतात, "तहान नाही." ती अजूनही उभीच राहते.

तुमच्याही घरात असेल एखादं माणूस, "मला काही नको, तुमचं चालू द्या" म्हणणारं. आपण लगेच विश्वास ठेवतो, कारण तो सोयीचा असतो. एक करा. हे वाचायचं थांबवून आतल्या खोलीत जाऊन या. पेला हातात देऊन परतू नका. घोट गळ्याखाली उतरतोय ना, ते बघा. आणि ती व्यक्ती दुसऱ्या गावी असेल तर फोन करू नका. फोनवर सगळेच ठणठणीत असतात. शेजारच्यांना सांगा, एकदा डोकावून या म्हणून.