नाव एकीचं, दुवा दुसरीचा

भर बाजारात मेथीच्या जुडीवरून मी घासाघीस करत असायची आणि रस्त्यापलीकडून हाक यायची, "बाई, तुमचा दुवा तुटलाय बरं का!"

भाजीवालीला वाटायचं, माझ्या घरी काहीतरी वाईट घडलं. ती जुडी स्वस्तात द्यायची, हा एक फायदा. पण एकदा बांगड्यावाली खैरूनबी छातीवर हात ठेवून म्हणाली, "या अल्ला! दुवा भी टूटती क्या, आप्पा?"

"टूटती ना खाला. पर मैं जोडके देता!"

खैरूनबीनं त्यांना तिथल्या तिथं खरोखरचा दुवा दिला. आप्पांनी तो नमस्कार करून घेतला आणि तिला म्हणाले, "तुमी बी सभासद व्हा."

हे आप्पा म्हणजे आमच्या केजातले भांडेवाले. बसस्टँडाजवळ त्यांचं दुकान. भांड्यावर नाव घालण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. पण मी सांगतेय तो काळ असा, की मोबाईल घरोघरी आले होते आणि भारनियमनामुळे एकही चार्ज होत नव्हता. आहेरात लोक प्लास्टिकचे डबे नाहीतर बंद पाकिटं द्यायला लागले होते. प्लास्टिकवर नाव काय घालणार? आप्पांची छिन्नी रिकामी पडली. मग या गृहस्थांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला, सायबर कॅफेवाल्याचं डोकं खाऊन सगळं शिकून घेतलं आणि आपल्या भागाची वेबसाईट काढली. जो सभासद होईल त्याला स्वतःचा ब्लॉग. पहिल्या पानावर सगळ्यांची नावं. नावावर टिचकी मारली की ज्याचा त्याचा ब्लॉग उघडणार. या जोडणीला मराठीत 'दुवा' म्हणतात हे त्यांना मीच सांगितलं. मराठी शिकवायची ना मी शाळेत! त्याची शिक्षा अख्खी भाजीमंडई साक्षीला ठेवून भोगली.

वेबसाईट ज्याच्यावर चालते त्याला 'सामग्री व्यवस्थापन प्रणाली' म्हणायचं, हेही मीच सांगितलं. आप्पा म्हणाले, "सामग्री म्हंजे सामानच की! ते तर मी जल्मभर करतोय."

झालं. तेव्हापासून वेबसाईट भांड्यांच्या दुकानासारखी चालू लागली. नवा ब्लॉग दिला की आधी मॉनिटरला टिचकी मारून नाद ऐकायचे. आणि नावं? नावं भांड्यावर घालतात तशी. फक्त आद्याक्षरं!

आता त्या वेळच्या माझ्याबद्दल. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी पदर डोक्यावर ओढून दुसऱ्या गल्लीनं जाईन. तिला कवयित्री व्हायचं होतं. ब्लॉगचं नाव 'संधिप्रकाशाचे पाझर'. एका ओळीत तीन शब्द आणि बाकी नुसती टिंबं. परवा माझ्या नातीनं ते वाचून विचारलं, "आजी, तुझा कीबोर्ड अडकला होता का गं?"

पण तेव्हा मला वाटायचं, आपण लिहितो म्हणून बालाघाटावर सूर्य मावळतो. त्यात माजलगावला कविसंमेलन ठरलं. औरंगाबादचे एक मोठे गृहस्थ कवी निवडणार होते. मी त्यांना वेबसाईटचा पत्ता कळवला आणि पैठणीला इस्त्री करून वाट बघत बसले.

फोन आला. "बाई, काळजाला भिडलं! 'व्यालेल्या शेळीला थंड पाणी पाजू नये.' काय प्रतीक आहे! सगळी बाईजात त्यात आली. संमेलनात तुम्ही हीच वाचा."

मी म्हटलं, "ती माझी नाही हो." ते म्हणाले, "अरेरे." आणि फोन ठेवला.

मी तशीच दुकानात. "आप्पा, माझ्या नावावर शेळ्या कुणी सोडल्या?"

"कोणत्या नावावर, बाई?"

मी बोट ठेवून दाखवलं. 'सौ. मा. वि. का.' म्हणजे मी, मालती विनायक कापसे. आणि बरोब्बर खाली, पुन्हा 'सौ. मा. वि. का.'!

"वरल्या त्या धारूरकडच्या मालनबाई विष्णू काशीद," आप्पा शांतपणे म्हणाले. "शेळ्या पाळत्यात. त्या सांगत्यात, मी टाईप करतो. खालच्या तुमी."

"अहो, पण माणसानं ओळखायचं कसं?"

"लग्नाच्या जेवणावळीनंतर बाया आपापली भांडी वळखत्यात का न्हाई? तसंच वळखायचं."

"आणि त्या वर कशा?"

"त्यान्ला लई लोक वाचत्यात," आप्पा म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, एवढी माणुसकी त्यांच्यात होती.

मग मात्र मी टेबलावर हात आपटला. माझं नाव पूर्ण घाला. सगळ्यांत वर घाला. आणि हे जे निम्मे ब्लॉग नुसते रिकामे पडलेत, दुवा उघडला तर पलीकडे कोरं पान, ते आधी उडवा. "कोण आहेत ही माणसं? एक ओळ लिहीत नाहीत आणि जागा अडवून बसलीत!"

"मालनबाई खाली जातील. तुमचं पुरं नाव वर घालतो," आप्पा म्हणाले. "पर कोरी पानं ऱ्हाऊ द्या."

"कावून?" मीही त्यांच्याच भाषेत ओरडले. "या कोण 'गं. भा. सो. ना. ग.'?"

आप्पा उठले. तराजूमागे एक गोणपाट होतं. त्यातून त्यांनी पोचे पडलेला एक पितळी तांब्या काढला आणि माझ्यापुढं धरला. त्यावर तीच अक्षरं होती, आप्पांच्याच छिन्नीची.

"मोडीत आला. नातू घेऊन आलता, ह्याच्यावर मला स्टीलचं द्या म्हनला. आजीचं नाव इचारलं, तर त्याला सांगता यीना. आता तांब्या भट्टीत जाईल, बाई. नाव कुठं जाईल?"

गोणपाटात अजून बरंच होतं. घंगाळाचा काठ, पातेली, एक फुलपात्र.

"आप्पा, ही माणसं हयात तरी आहेत का?"

"काही हायेत, काही न्हाईत."

"म्हणजे मेलेल्या माणसांना तुम्ही ब्लॉग दिलेत?"

"जागा कुठं लागती त्याला? फुकट हाय."

या माणसाशी भांडायचं तरी कसं! रागानं माझं डोकं भणभणत होतं, पण तो ओतायला जागाच सापडेना. मी सगळी नावं पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली, चूक काढायला. एक सापडली.

"तुमचं कुठंय यात?"

"दुकानदाराचं नाव भांड्यावर घालत न्हाईत, बाई. ज्याचं भांडं त्याचं नाव."

मी कीबोर्ड ओढला. "सांगा. पूर्ण नाव."

हजारो भांड्यांवर एक अक्षर न चुकवता नावं घातलेला हा माणूस वर पंख्याकडे बघत राहिला. "समदे आप्पाच म्हनत्यात. शाळेत बसवलिंग लावलं व्हतं. रेशनकार्डावर बसलिंग हाय." मग म्हणाले, "माय बसू म्हनायची."

"त्यातलं कोणतं घालू?"

त्यांनी दुकानाबाहेर पाहून घेतलं. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

"बसू घाला. पर अक्षर बारीक ठिवा."

मी नाव घातलं, दुवा जोडला. आप्पांनी चष्मा पुसून त्यावर टिचकी मारली. कोरं पान उघडलं. त्यांनी बंद करून परत टिचकी मारली.

"उघडतंय की," ते म्हणाले.