डबल म्हणण्यास हरकत नाही

राज्य विहीर मोजणी मंडळाच्या अहिल्यानगर विभागात ब्रिजची स्पर्धा सक्तीने ऐच्छिक करण्यात आली. नवे अधीक्षक सहादेवराव खिलारी यांचं मत असं होतं, की कर्मचाऱ्यांनी स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायला शिकलं पाहिजे. त्यासाठी कोणी, कुठे आणि कोणाबरोबर पत्ते खेळायचे हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पाथर्डीचा कनिष्ठ अभियंता गोरक्षनाथ दहातोंडे याला ब्रिज खरोखर येत होतं. कॉलेजच्या होस्टेलवर तो शिकला होता. ही गोष्ट त्याने आयुष्यभर लपवली असती तर आज सुखात असता. पण चहा पिताना बोलून गेला आणि दुसऱ्या दिवशी संघात निवड झाली.

गोरक्षनाथची अडचण वेगळीच होती. पाथर्डीकडच्या विहिरी एवढ्या खोल, की मोजणीपेक्षा दोर ओढण्यातच दिवस जाई. बायको रुपाली राहात्याला शिक्षिका. पोरगी संस्कृती बापाला मोबाईलच्या चौकटीतूनच ओळखायची. सुट्टीला तो दारात उभा राहिला, की दचकायची. राहात्याला बदली मिळावी म्हणून त्याने केलेला अर्ज खिलारी साहेबांच्या टेबलावर होता. आणि त्याचा गोपनीय अहवाल लिहिणार होत्या उपअभियंता सुकन्या औटी मॅडम.

चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडल्या. गोरक्षनाथच्या समोर, म्हणजे भिडू म्हणून, औटी मॅडम आल्या. विरुद्ध बाजूला खुद्द साहेब आणि त्यांचे भिडू हेडक्लार्क रामहरी. रामहरींना ब्रिज येत नव्हतं, साहेब येत होते. साहेब जे बोलतील त्याच्यावर एक वाढवून बोलायचं, एवढ्या भांडवलावर ही जोडी अंतिम फेरीत पोचली होती.

"पत्ते तरी बघत जा," कोणीतरी त्यांना म्हणालं.

"साह्यबाला पाठिंबा द्यायचा म्हनल्यावर पत्ते कशाला बघायचे?" रामहरी म्हणाले.

अंतिम फेरीला विश्रामगृहाचा हॉल गच्च भरला होता. मॅडमनी बदामची बोली लावली, साहेबांनी इस्पिकची. गोरक्षनाथने बदामला दुजोरा दिला, रामहरींनी इस्पिकला. मॅडमनी बदामची बोली आणखी वाढवली. मग साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि टेबलावर थाप मारून म्हणाले, "चार इस्पिक!"

म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरातले दहा हात मी करून दाखवतो.

गोरक्षनाथने आपल्या पत्त्यांकडे पाहिलं. इस्पिकचे राजा, राणी, दश्शी, नव्वी त्याच्याच हातात बसले होते. वर चौकटचा एक्का. बदामचं बघायला समोर मॅडम होत्या. साहेबांनी दहा काय, आठ हात केले तरी पेढे वाटावेत अशी अवस्था होती.

आता त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. 'डबल' म्हणायचं, म्हणजे साहेबांना भर हॉलमध्ये सांगायचं, की तुमच्याच्याने हे होणार नाही आणि तुम्ही पडलात की नुकसान वाढवून वसूल करू. 'पाच बदाम' म्हणायचं, म्हणजे साहेबांच्या वर बोलायचं. मंडळाच्या इतिहासात साहेबांच्या वर बोललेला शेवटचा माणूस सध्या भंगार साहित्याचा हिशेब ठेवत होता. राहिलं 'पास'. पण पाची बोटं तुपात असताना पास म्हटलं, तर मॅडम गोपनीय अहवालात 'पुढाकाराचा अभाव' लिहिणार. मॅडमची नजर त्याच्या कपाळावर भिंगासारखी तापत होती.

त्याने विचार केला. हीच त्याची चूक.

"साह्यब," रामहरी म्हणाले, "ह्ये विचार करायलेत."

हॉलमध्ये कुजबुज झाली. पंच ज्ञानेश्वर निमसे पळत आले. ते क्रीडा शाखेचे लिपिक होते आणि त्यांची वेतनवाढ साहेबांकडे अडकली होती.

"किती वेळ विचार केला?"

"लई येळ. चेहऱ्यावर पन दिसत हुता."

"ब्रिजमध्ये फार वेळ विचार केला तर भिडूला इशारा मिळतो," निमसे गंभीरपणे म्हणाले. "पण कनिष्ठ अभियंत्याने किती वेळ विचार करावा, याबद्दल मंडळाचे निर्देश नाहीत. मार्गदर्शन मागवावं लागेल."

खेळ थांबला. चौघांचे पत्ते पाकिटांत घातले, लाखेची मोहर लावली, पंचनामा झाला आणि पाकिटं तिजोरीत गेली. दोनच दिवसांत गोरक्षनाथला नोटीस आली: सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय आपण विचार केल्याचे निदर्शनास आले आहे, तरी खुलासा करावा.

त्याने खुलासा केला, की डबल म्हणावं की नाही याचा विचार करत होतो. हे वाचून विभाग हादरला. म्हणजे साहेबांना डबल म्हणण्याचं याच्या मनात होतं तर! एक समिती नेमली गेली. साहेबांशी संबंधित विषय म्हणून अध्यक्ष साहेबच झाले. समितीने नाशिक आणि महाबळेश्वर इथे अभ्यासदौरे केले आणि शिफारस दिली, की वरिष्ठाला डबल म्हणायचं असेल तर कनिष्ठाने योग्य मार्गाने, म्हणजे त्याच वरिष्ठामार्फत, अर्ज करावा.

"करून टाक अर्ज," औटी मॅडम म्हणाल्या. "माझी शिफारस आहे असं मात्र लिहू नकोस."

"मॅडम, तुम्ही तर माझ्या भिडू."

"टेबलावर, गोरक्षनाथ. कागदावर नाही."

रात्री रुपालीचा फोन आला. "बदलीचं काय झालं?"

"साहेबांना डबल म्हणायची परवानगी मागितली आहे."

"तब्येत बरी आहे ना तुमची?" तिने हळूच विचारलं. मग मागून संस्कृतीचा आवाज आला, "आई, मोबाईलवाले पप्पा आहेत का?"

अर्ज विभागभर फिरला आणि शेवटी साहेबांच्या सहीने परत आला. 'डबल म्हणण्यास हरकत नाही. मात्र त्याचा प्रतिकूल परिणाम होऊ नये.'

मोहरा फोडून खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. गोरक्षनाथच्या उजव्या हाताशी आता बोलीच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, लाल डबलची, हिरवी पासची. साहेब हसत होते. वरिष्ठ हसतात तेव्हा त्याचा अर्थ काय, हे कोणत्याच नियमावलीत दिलेलं नाही. गोरक्षनाथचा हात लाल चिठ्ठीकडे गेला. डोळ्यांपुढे राहाता आलं, दारात दचकणारी पोरगी आली. बोटं हिरव्या चिठ्ठीवर कधी सरकली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"पास."

साहेब खेळले आणि पडले. असे तसे नाहीत. दहाच्या जागी सहा हात झाले. शेवटी सगळे पत्ते टेबलावर उताणे पडले आणि गोरक्षनाथच्या हातात काय होतं ते अख्ख्या हॉलने पाहिलं.

साहेबांचा चेहरा उतरला. "दहातोंडे," ते म्हणाले, "एवढे पत्ते असून तुम्ही पास म्हणालात?"

"साहेब, आपला मान..."

"म्हणजे तुम्ही माझ्यावर दया केलीत! मी लेखी परवानगी दिली होती. परवानगी म्हणजे आदेशच असतो. तुम्ही आदेश मोडलात."

आरोपपत्र निघालं: उपलब्ध संधी असताना डबल न म्हणणे, वरिष्ठांची कीव करणे, भिडूचा विश्वासघात. शेवटच्या आरोपावर औटी मॅडमची सही होती. बदलीचा अर्ज चौकशीच्या निकालापर्यंत स्थगित झाला.

चौकशी अधिकारी माणूस बरा होता. तो म्हणाला, "दहातोंडे, एक काम करा. अशा प्रसंगी कोणीही पास म्हटलं असतं, असं सांगणारा एक साक्षीदार आणा. एकच पुरे. मी फाईल बंद करतो."

गोरक्षनाथ हॉलमध्ये असलेल्या प्रत्येकाकडे गेला. निमसे म्हणाले, "मी असतो तर तिथल्या तिथे डबल!" लेखा शाखेचे सगळे डबल म्हणाले. नागापूरच्या गोदामाचा वॉचमन डबल म्हणाला. रामहरींनी तर छातीवर हात मारला. "म्या? आवं, म्या साह्यबाच्या तोंडावर म्हनलो असतो. मर्दाचं काळीज पायजे त्याला!"

सुट्टीच्या दिवशी गोरक्षनाथने राहात्याला रुपालीला विचारलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "एवढे पत्ते होते ना तुमच्याकडे? मग म्हणायचं की हो डबल."

गोरक्षनाथ परत पाथर्डीला गेला. तो तिथे अजून दोर ओढतोय आणि साक्षीदाराची जागा अजून रिकामी आहे. चौकशी अधिकाऱ्याने मुदत वाढवून दिली आहे. कोणीही चालेल, मंडळाचा कर्मचारी असण्याचीही अट नाही. पण तुम्हाला विचारून उपयोग नाही. त्याचे पत्ते तुम्हाला आधीच दाखवले होते आणि तुम्ही केव्हापासूनच मनात डबल म्हणत बसला आहात.