बारशाची गोधडी

दोन हजार बावीस सालची गोष्ट. त्या वर्षी भाताच्या लोंब्या भरायच्या दिवसांत जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्ड्याच्या केशरला पहिलं नातवंड होणार होतं, आणि त्याला बारशाला पाळण्यात घालायची गोधडी तिला शिवायची होती. पहिल्या बाळाची गोधडी आईच्या आईनं शिवायची, आणि तीही अंगावर वापरून मऊ झालेल्या लुगड्या-साड्यांची, हे इकडं कुणी कुणाला शिकवत नाही. केशरला तर शिकवायची गरजच नव्हती. आसपासच्या वाड्यांवरची निम्मी पोरं तिनं शिवलेल्या गोधड्या ओल्या करूनच मोठी झाली होती.

घोटाळ्याला सुरुवात झाली ती तिच्या लेकीच्या, सुनयनाच्या डोहाळजेवणात. सुनयनाच्या सासूबाई सुमंगला म्हणजे रामनगरच्या दुकानदारांच्या घरातल्या. त्यांनी पंगतीतच विषय काढला.

"गोधडी कशाला शिवत बसताय, विहीणबाई? बेळगावाहून ब्लँकेट आणलंय की मी. असं मऊ, लोणीच म्हणा. वर अस्वलाचं चित्र आहे."

जोयड्याच्या रानात अस्वल दिसलं की जाणती माणसं धूम ठोकतात, आणि ह्या बाई ते पाळण्यात घालायला निघाल्या होत्या. एवढ्यात सुमंगलाबाईंनी पिशवीतून एक डाळिंबी इरकल काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"आणि शिवणारच असाल तर माझी ही लावा. फक्त मधे लावा हं. चारचौघांत दिसंल अशी."

म्हणजे बारशाला गोधडी तयार नसेल तर नातवंड अस्वलावर निजणार, आणि केशर जन्मभर गोधड्या शिवून ऐन वेळी हात हलवत उभी राहणार, हे त्या दिवशी ठरून गेलं.

ती घरी आली तोवर बातमी तिच्याआधी पोचली होती. शेजारची विमल हिरवी साडी घेऊन पायरीवर बसलीच होती.

"रामनगरची लागती, आन् शेजारची न्हाई लागत व्हय?" ती म्हणाली. "सुनयनाला न्हाऊमाखू कुणी घातलं? ही घे. काठ वर येऊ दे, मी बगनार हाय बारशाला."

विमलनं दिली म्हटल्यावर तारानं दिली. तारानं दिली म्हणून सुमननं दोन दिल्या. त्यानंतर कुंभारवाड्याहून नात्यातल्या कुणाकुणाच्या साड्या जीपमधून येऊ लागल्या, सोबत प्रत्येकीचा निरोप, 'आमची कुठं लावलीस ते सांग.' केशरच्या माळ्यावर गाठोडं असं फुगलं की मांजर तिथं निजायला गेलं ते खालीच येईना.

तेवढ्यात पुतणी स्नेहा मदतीला धावली. स्नेहा जोयड्याला कॉलेजात जायची, आणि गावात रेंज फक्त टेकाडावर येत असल्यामुळं रोज संध्याकाळी टेकाडावर जाऊन फोन भरून आणायची, पूर्वी बायका झऱ्यावरून घागर भरून आणत तसा.

"काकी, हे बघ. ताऱ्यांची गोधडी. ही मोराची. ही कमळाची. आणि ही जपानातली."

"जपानात बी पोरं मुततात व्हय?" केशरनं विचारलं, पण बघितलं सगळं. ताऱ्यांची डोळ्यांत भरली. मग मोराची भरली. जपानातली तर रात्री स्वप्नात आली.

केशरची सासू रुक्मा हिला हा त्रास कधी झाला नव्हता. तिच्या काळी बाईजवळ लुगडी दोन, एक अंगावर आणि एक दांडीवर. दांडीवरचं विरलं की त्याची गोधडी. कुठला रंग, कुठलं नक्षीकाम, कोण वर, कोण खाली, हे प्रश्न म्हातारीला आयुष्यात पडले नाहीत, आणि तरी तिच्या गोधडीवर निजलेल्या माणसाला भर थंडीत उठवावं लागे. केशरजवळ मात्र सगळंच होतं, आणि म्हणून काहीच होत नव्हतं. ती सकाळी साड्या ओसरीवर मांडायची, दुपारी बदलायची आणि संध्याकाळी घडी करून परत बांधायची. मोर करावा तर ताराची साडी वाया जाते. तारे करावेत तर विमलचा काठ खाली जातो. आणि काहीही केलं तरी मधोमध डाळिंबी इरकल येऊन बसते, स्वतः सुमंगलाबाई बसल्यासारखी.

नवरा येसाजी येता-जाता बघत होता.

"आज बी बाजार लावलास व्हय?" तो म्हणायचा. "गिऱ्हाइक काय येईना तुज्या दुकानाला."

"तुमी सुम्म, गप बसा. मला सुचाय पायजे."

"सुचाय काय लागतंय? सुई घाल, काढ. आई अशीच शिवायची."

"आईंस्नी कुटं विहीण रामनगरची होती?"

येसाजी शेताकडं जायचा.

गोधडी सोडून त्या दिवसांत केशरनं सगळं केलं. भांडी घासली ती कढईचा तळ चकाकेपर्यंत. घरातले सगळे तांदूळ निवडले, आधी निवडलेलेही. परसातले मुडलीचे, म्हणजे इकडच्या अळूचे, कंद वेळेआधी उकरून बघितले आणि परत पुरले. सुई तेवढी जागच्या जागी राहिली. एकदा तिनं धीर करून सुमनच्या साडीला कात्री लावायला घेतली, तर सुमन दारातच उभी. "काप की," सुमन म्हणाली, "मी बगतो नुसतं." त्यानंतर कात्रीही जागच्या जागी राहिली.

आणि बाळ आलं. मुलगी, काळ्याभोर केसांची. त्या दिवसापासून बारसं घराकडं चालत येऊ लागलं, आणि केशरला एक नवाच शोध लागला की अडचण साड्यांची नसून दोऱ्याची आहे. चांगला दोरा असता तर एव्हाना गोधडी झाली असती. बारसं दोन दिवसांवर आलेलं असताना ती विमलला घेऊन बसनं जोयड्याला गेली, आणि दुकानात सगळे रंग समोर मांडल्यावर तिथंही तिला सुचेना. शेवटी तिनं पांढरा घेतला, तोही दुकानदार शटर ओढायला उठला म्हणून.

परतीच्या बसमध्ये गावच्या बायकाच जास्त होत्या. वळण ओलांडून येसाजीचं भात दिसायला लागलं, आणि खिडकीशी बसलेली तारा उठून उभी राहिली.

"विमलक्का, ती हिरवी तुजी काय गं?"

भाताच्या चारी बाजूंना काठ्या रोवलेल्या होत्या आणि काठ्यांना साड्या बांधलेल्या होत्या. हिरवी, पिवळी, ठिपक्यांची, सुमनच्या दोन शेजारी शेजारी. वाऱ्यानं सगळ्या एका लयीत हलत होत्या. रानडुकरं भातात शिरू नयेत म्हणून जुन्या साड्यांचं कुंपण करायची रीत इथली सगळ्यांची. पण इतकं जातिवंत कुंपण तालुक्यात कुणी बघितलेलं नव्हतं. ड्रायव्हरनंही बस हळू केली.

"काठ वर ठेव म्हटलं हुतं मी," विमल सावकाश म्हणाली. "ठेवलाय बग. डुकरांच्या बरोबर डोळ्यांसमोर."

केशरनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. घरी येसाजी हातपाय धुऊन निवांत बसला होता.

"तुमास्नी कुणी हात लावाय सांगितला हुता त्यास्नी?"

"तूच की. सकाळी इचारलं तुला, ह्या साड्यांचं करायचं काय. तू म्हनलीस, काय बी करा, माजं डोकं उठलंय."

ती असं म्हणाली होती. गेला महिनाभर रोजच म्हणत होती. ह्या माणसानं ऐकलं ते नेमकं त्या दिवशी.

"काल डुकरं बांधापत्तर आलती," येसाजी म्हणाला. "आपलं वर्साचं भात हाय ते. तू त्या साड्या कशाला बी लावीनास. म्हटलं, माळ्यावर मांजराखाली ठेवन्यापरास कामाला तरी येतील."

"आन् विहीणबाईंची इरकल?"

"ती तर लई कामाची. सगळ्यांत घट्ट तीच. म्हनून डुकरांच्या वाटंवरच बांदलीया."

केशर खाली बसली. परवा सुमंगलाबाईंची जीप त्याच रस्त्यानं यायची होती.

"बाकीच्या ऱ्हाऊ देत," ती म्हणाली. "तेवढी एक काढून आना."

"आता अंदार पडला. सकाळी आनतो."

सकाळी त्यानं आणली, म्हणजे जेवढी होती तेवढी. रात्री डुकरं आली होती. हिरवी त्यांनी सोडली, ठिपक्यांची सोडली, सुमनच्या दोन्हींकडं ढुंकूनही बघितलं नाही. डाळिंबी इरकल मात्र त्यांनी दातांनी, सुळ्यांनी आणि सगळ्या अंगानं अशी फाडली होती की अर्धी रानात गेली आणि अर्धी चिखलात. येसाजीच्या हातात पदराचा एक तुकडा होता, पाटाएवढा, त्यालाही कडेला भोक.

"डोळ्यात भरली त्यांच्या," तो म्हणाला.

केशर माळ्यावर चढली. गाठोडं गेलं होतं. तिथं फक्त गाठोड्याचं फडकं पडलं होतं. सासूचं जुनं तपकिरी लुगडं, इतकं विरलेलं की येसाजीनं ते कुंपणालाही घेतलं नव्हतं. डुक्कर शिंकलं असतं तरी ते फाटलं असतं. केशरनं ते हातात घेतलं, नाकाशी धरलं. धुराचा आणि भाताच्या तुसाचा वास अजून होता.

घरात आता एक लुगडं होतं, एक तुकडा होता आणि पांढरा दोरा होता. ती ओसरीवर बसली, सुई ओवली, आणि हात जो सुटला तो सुटला.

"काकी, डिझाईन कुठलं ठरलं?" स्नेहानं फोन पुढं करत विचारलं.

"हाय तेवढं," केशर म्हणाली. "तो फोन ठेव, आन् ह्यो तुकडा धुऊन आन. चिकल जाऊ दे, रंग ऱ्हाऊ दे."

सगळा चिखल गेला नाही. भोकाकडचं केशरनं कापून टाकलं, राहिलेला डाळिंबी चौकोन मधोमध लावला आणि डाग होता तिथं टाके इतके जवळ घातले की ते नक्षीकामच वाटावं. बारशाच्या सकाळी गोधडी पाळण्यात पडली.

सुमंगलाबाई जीपमधून उतरल्या त्याच बोलत. "कुणाच्या शेताला हो त्या साड्या बांधल्यात? बघवंना अगदी. बायकांनी दिल्या तरी कशा म्हणते मी." ओसरीवर विमल, तारा आणि सुमन ओळीनं बसल्या होत्या. तिघींनी एकदम पोह्यांत लक्ष घातलं.

मग सुमंगलाबाई ब्लँकेटचं पाकीट काखेत धरून पाळण्यावर वाकल्या. बाईंनी बोटानं डाळिंबी चौकोन चाचपला, टाके चाचपले आणि हळूहळू ताठ झाल्या.

"माझीच की ही," त्या म्हणाल्या. "एवढ्या जणींनी साड्या दिलेल्या म्हणे."

"लई जनींनी," विमल म्हणाली. "हिरव्या, पिवळ्या. पन निवडली ती तुमचीच."

"मग माणसाला पारख असतेच की. विहीणबाई, तुम्हीच निवडलीत ना?"

"माज्यानं कुटली निवडायला होतीया," केशर म्हणाली. "रानाकडनं एक जानकार आला हुता. त्यानं बाकीच्यांस्नी हात बी लावला न्हाई."

येसाजीला पाण्याचा ठसका लागला. तारा तोंडाला पदर लावून उठली आणि परसात गेली. सुमंगलाबाईंनी अस्वलाचं ब्लँकेट केशरच्या हाती दिलं आणि म्हणाल्या, राहू द्या, उपयोगी पडेल.

पडलं. त्याच संध्याकाळी येसाजीनं ते कुंपणाच्या फाटक्या जागी बांधलं, अस्वलाचं तोंड रानाकडं करून. भात कापून घरी येईपर्यंत त्या वाटेनं एक डुक्कर आलं नाही. विमलनं आपली हिरवी साडी सोडवून नेली, धुतली, आणि दिवाळीला नेसली. डुक्कर नाही शिवलं तिला, असं ती अजून सांगते. स्नेहाचं लग्न ठरलंय, आणि मेंदीच्या नक्षीची चित्रं फोनमध्ये मावेनात म्हणून तिनं नवीन फोन घेतलाय. हातावर काय काढायचं ते अजून ठरलेलं नाही. सुमंगलाबाई रामनगरात येईल-जाईल त्याला जोयड्याकडच्या त्या जाणकाराबद्दल सांगतात. एकदा भेटायची त्यांची इच्छा आहे. नात कस्तुरी आता धावते, आणि गोधडीचं एक टोक तोंडात धरल्याशिवाय निजत नाही.

सुनयनाला पुन्हा दिवस गेलेत. बातमी फुटली त्या दिवशीच साड्या यायला लागल्या. केशरनं त्या घेतल्या, बांधल्या, आणि येसाजी शेताकडं निघाला तेव्हा गाठोडं त्याच्या खांद्यावर ठेवलं.

"आदी तुमी कुंपन करून घ्या," ती म्हणाली. "उरंल त्याचं मी बगतो."