केरव्हेलच्या खिडकीत शेवंती

सकाळी कोंबडा आरवला, पण त्याला शिव्या घालणारा आवाज काही आला नाही. सलग तिसऱ्या दिवशी असं झालं, तेव्हा डॉरीनबाईंनी चहाचा कप तसाच ठेवला आणि भिंतीला कान लावला. पलीकडे ओगुस्त केरव्हेल राहत होता. वय एक्क्याऐंशी, घरात एकटा, आणि स्वभाव असा की त्याच्या अंगणातल्या मांजरानेही स्थळ बदललं होतं.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या प्लूगास गावात डॉरीनबाई आणि त्यांचे यजमान राल्फ पेलिंग इंग्लंडहून येऊन राहिले, त्याला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं शेजाऱ्यांचं भांडण चालू होतं. कुंपणावरून, कोंबड्यावरून, बाईंच्या चहावरून, आणि दोघांच्याही पणजोबांच्या आधी झालेल्या वॉटर्लूच्या लढाईवरून. बाईंच्या खिडक्या बारा महिने सताड उघड्या. केरव्हेल मात्र सप्टेंबर लागला की खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबायचा, त्या मे महिन्यात काढायचा. वाऱ्याचा झोत अंगावर आला की माणूस मरतो, अशी त्याची पक्की समजूत होती. "इंग्रज मरत नाहीत," तो म्हणायचा, "कारण त्यांच्यात मुळात ऊबच नसते. विझायला काही पेटलेलं लागतं."

तरी जानेवारीत राल्फ गेले. गावच्या छोट्याशा दफनभूमीत, मोठ्या झाडाच्या आडोशाला त्यांना जागा मिळाली. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती, पण ती केरव्हेलने वीस वर्षांपूर्वीच स्वतःसाठी राखून ठेवलेली. तिच्यापुढे आणखी एक जागा होती, अगदी फाटकाशी. तिथे समुद्रावरचा वारा सरळ आत येई, म्हणून ती कोणी घेत नसे.

"ती फाटकाजवळची तुम्ही घ्या ना, मादाम," सरपंच त्रेहू समजावणीच्या सुरात म्हणाले होते. "यजमानांच्या जवळच आहे. मध्ये फक्त केरव्हेल."

"शेहेचाळीस वर्षांच्या संसारात आमच्या मध्ये कोणी नव्हतं, सरपंच. आता अनंतकाळासाठी केरव्हेल?"

त्या स्वतः केरव्हेलकडे गेल्या. अदलाबदल करा म्हणून विनवलं. तो दार अर्धंच उघडून म्हणाला, "तुम्ही लोकांनी आमची जोन ऑफ आर्क जाळलीत. शंभर वर्षं आमच्या शेतांतून घोडे नाचवलेत. आता माझी कबरही पाहिजे? ती जागा वाऱ्याची नाही, बाई. मी शोधून घेतलीय." आणि दार लावलं, कारण झोत येत होता.

त्यानंतर डॉरीनबाईंनी पुन्हा विचारलं नाही. रोज सकाळी आठ वाजता राल्फच्या कबरीपाशी जाऊन दोन मिनिटं उभं राहायचं, हा त्यांचा नेम. परतताना नजर त्या रिकाम्या जागेवर जाई, आणि आपण एका जिवंत माणसाच्या कबरीची आस धरून बसलो आहोत, या विचाराने त्यांना स्वतःचीच लाज वाटे.

आणि आज तो माणूस आवाज देत नव्हता.

ऑक्टोबर संपत आला होता. शनिवार, बाजाराचा दिवस. आजारीच असणार, आणि आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बाई आधी चौकात गेल्या. एरवी या दिवसांत त्या इंग्लंडला बहिणीकडे असत, यंदा राल्फशिवाय जाववलं नाही. त्यामुळे चौक असा फुललेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. जिकडेतिकडे शेवंतीच्या कुंड्या. पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या. बहिणीच्या दिवाणखान्यात अशीच कुंडी असे.

"कोणासाठी हवी, मादाम?" फुलवाल्याने विचारलं.

"शेजाऱ्यासाठी. मस्यू केरव्हेलसाठी."

फुलवाल्याने टोपी काढली. क्षणभर मान खाली घातली आणि मागे जाऊन सगळ्यांत मोठी पांढरी कुंडी घेऊन आला. "फार वाईट झालं, मादाम."

"हो ना," बाई म्हणाल्या. फ्रेंच माणसाला दुसऱ्याच्या आजारपणाचं इतकं वाटतं हे त्यांना नवीन होतं. आपण उगीच या लोकांना नावं ठेवतो, असं मनात येऊन त्या निघाल्या.

केरव्हेलचं दार नुसतं लोटलेलं होतं. वरच्या खोलीत तो पलंगावर पडलेला, अंगावर तीन घोंगड्या, गळ्यात मफलर, डोक्यावर लोकरी टोपी. ताप होता आणि घसा पूर्ण बसला होता. टेबलावर डॉक्टरने काल लिहून दिलेली औषधाची चिठ्ठी तशीच पडली होती. खोलीत कापूर, कांदा आणि कोंडलेली हवा.

"अरे देवा, या हवेत घोडासुद्धा आजारी पडेल," डॉरीनबाई म्हणाल्या. त्यांनी कुंडी खिडकीत ठेवली.

केरव्हेलने कुंडीकडे पाहिलं आणि त्याचे डोळे विस्फारले. पांढरी शेवंती. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, सगळ्या संतांच्या सणाला कबरीवर वाहायची, आणि फक्त कबरीवरच वाहायची. त्याने बोट कुंडीकडे, मग स्वतःकडे केलं आणि जोरजोरात मान हलवली.

"आवडली ना? मला वाटलंच होतं."

मग बाईंनी फटीतल्या वर्तमानपत्राच्या घड्या एकेक करून ओढून काढल्या आणि दोन्ही तावदानं सताड उघडली. भिजका वारा आत आला. केरव्हेलने दोन्ही हात वर केले. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

"असू दे, असू दे. आभार बरे झाल्यावर माना. मी शहरातून औषध घेऊन येते, पावणेदहाची बस आहे. तुम्हाला कोणी त्रास द्यायला नको, म्हणून दाराला कुलूप लावून जाते."

आणि दारातली किल्ली पर्समध्ये टाकून त्या गेल्या.

इकडे चौकात फुलवाल्याने पाववाल्या फ्रान्सीनला सांगितलं होतं, "तुमचा केरव्हेल गेला म्हणे. इंग्रजीणबाई शेवंती घेऊन गेली." फ्रान्सीन अशी नुसत्या ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारी नव्हती. ती एप्रनला हात पुसत गल्लीत आली आणि तिने वर पाहिलं. ओगुस्त केरव्हेलची खिडकी ऑक्टोबरमध्ये उघडी! तिच्या जन्मात हे घडलं नव्हतं. माणूस गेला की त्याचा जीव बाहेर पडावा म्हणून खिडकी उघडतात, ती ही. वर शेवंतीची कुंडी. फ्रान्सीनने छातीवर क्रूस रेखला आणि सरपंचांना गाठलं.

सव्वादहाला चर्चची घंटा वाजू लागली. एकेक ठोका, मध्ये थांबून.

केरव्हेलने ती ऐकली. कोण गेलं असावं, याचा तो तापातही विचार करू लागला. पाववालीचा नवरा बरेच दिवस पिवळा दिसत होता.

अर्ध्या तासात अंगणात गाव जमला. जवळच्या गावाहून पुतणी ओडील आली. दाराला कुलूप. तिच्याकडे किल्ली नव्हती, काकाने कधी दिली नव्हती.

"दार फोडायचं का?" कोणीतरी म्हणालं.

"छे! मेलेल्याचं दार फोडणं शोभतं का?" सरपंच म्हणाले. "पेलिंगबाईंकडे किल्ली असणार. त्यांना बस पकडताना पाहिलं मी, येतील परतीच्या बसने. केरव्हेलला आता कसली घाई?"

वर पलंगावर केरव्हेलच्या डोक्यात प्रकाश पडला की घंटा कोणासाठी होती. त्याने ओरडायचा प्रयत्न केला. मांजराच्या पिलाएवढाही आवाज निघाला नाही. उठायला गेला तर खोली फिरली. आणि त्या दुष्ट, उघड्या खिडकीतून खालचा शब्द न् शब्द वर येत होता.

"माणूस वाईट नव्हता," फ्रान्सीन सांगत होती. "म्हणजे चांगलाही कधी दिसला नाही म्हणा."

"सभेत मात्र उणीव भासेल," सरपंच म्हणाले. "आता जेवणाच्या आधी संपत जाईल."

"कपाट माझ्या जिन्यातून जाईल का हो?" हा ओडीलचा आवाज. "पलंग नको. त्यावर काका गेलेत. आणि दफन तरी कशाला? शहरात विद्युतदाहिनी आहे, एका दुपारचं काम. कबर म्हटली की दर सणाला यावं लागतं."

केरव्हेलच्या अंगावर काटा आला. वाऱ्याने नव्हे. वीस वर्षांपासून राखलेली, आडोशाची, बिनवाऱ्याची ती जागा! त्याने सगळं बळ एकवटून उशाची काठी उचलली आणि खिडकीतल्या कुंडीला ढोसली. कुंडी खाली अंगणात फुटली.

सगळे दोन पावलं मागे सरले.

"वारा," सरपंच म्हणाले.

"जीव गेला वाटतं आत्ता," फ्रान्सीन म्हणाली. "चिवटच होता."

तेवढ्यात बारा वाजले आणि दुःखाला मध्यंतर मिळालं. पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं. मेलेला माणूस झाला तरी त्याच्यासाठी फ्रान्समध्ये कोणी जेवण चुकवत नाही, आणि ही गोष्ट केरव्हेलला आयुष्यभर योग्यच वाटत आली होती. आज प्रथमच त्याला ती जरा खटकली.

दीड वाजता लोक तोंड पुसत परतले. बस त्याच वेळी थांबली. आता बारीक पाऊस लागला होता. औषधाची पिशवी घेऊन आलेल्या डॉरीनबाईंना अंगणातली गर्दी दिसली आणि त्यांचे पाय मंदावले.

"काय झालं?"

"तुम्हालाच माहीत, मादाम," सरपंच टोपी हातात घेऊन म्हणाले. "केरव्हेल गेले."

पिशवी बाईंच्या हातून गळून पडली. "खिडकी," त्या पुटपुटल्या. "खिडकी मी उघडली."

"बरोबरच केलंत," फ्रान्सीन म्हणाली. "जीवाला वाट हवी."

"पण ते जिवंत होते तेव्हा उघडली!"

मग ओडील पुढे आली. "जिवंत होते? जिवंत माणसाच्या उशाशी कबरीची फुलं ठेवलीत? खिडकी उघडून, वर दाराला कुलूप?" ती वळून सगळ्यांकडे बघत म्हणाली, "त्या जागेसाठी ना? एवढी घाई झाली होती बाईंना?"

"कबरीची फुलं?" डॉरीनबाईंनी फुटलेल्या कुंडीकडे पाहिलं. मग त्यांना फुलवाल्याची टोपी आठवली, चौकातला तो बहर आठवला, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

सरपंच खाकरले. "झालं ते झालं. ओडील काकांना शहरातल्या दाहिनीत नेणार आहे, तिला काही कबरीची जागा नको, मादाम. कागद करून देतो. यजमानांच्या शेजारी तुम्ही."

दहा महिने ज्याची आस धरली, ते कोणीतरी असं समोर ठेवलं होतं. डॉरीनबाई पायरीवर बसल्या. डोक्यावरून पाणी ओघळत होतं, पण छत्री उघडायचंही त्यांना सुचलं नाही.

"नको," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना तिथेच ठेवा. जाळू नका, मी हात जोडते. तिथे वारा लागत नाही, म्हणून घेतली होती त्यांनी. माझ्यामुळे मरताना तो लागला, निदान मेल्यावर तरी नको. मी फाटकाजवळ झोपेन. राल्फला मी समजावीन."

धाडकन आवाज झाला.

सगळ्यांनी वर पाहिलं. खिडकीचं एक तावदान बंद झालं होतं. दुसऱ्याशी, लोकरी टोपी घातलेला, घोंगडीत गुंडाळलेला ओगुस्त केरव्हेल झुंजत होता. फ्रान्सीनने किंकाळी फोडली. सरपंचांनी टोपी आधी घातली, मग पुन्हा काढली. केरव्हेलने खाली बघितलं, आणि दिवसभरात त्याच्या घशातून पहिला शब्द निघाला.

"झोत!"

आणि त्याने दुसरं तावदानही लावून घेतलं. डॉरीनबाई ओल्या फरशीवर शुद्ध हरपून पडल्या होत्या.

आठवड्याभरात केरव्हेल हिंडू-फिरू लागला. डॉरीनबाई मात्र उठल्या नाहीत. छातीत सर्दी उतरली, मग न्यूमोनिया झाला. रोज दुपारी केरव्हेल सूप घेऊन जाई आणि मफलर, टोपी, कोट, सगळं घालून त्यांच्या उघड्या खिडकीशी बसे.

"लावू का ती?"

"हात लावून बघा."

"मराल, बाई."

"तुम्ही उघड्या खिडकीने बरे झालात, मस्यू केरव्हेल. कबूल करा."

"मी रागाने बरा झालो." त्याने चमच्याने सूप ढवळलं. "ती जागा तुमची. काल सही करून आलो. पण गडबड नाही काही."

बाईंनी डोळे मिटले. ओठांवर हसू आलं. "रांगेत तुम्ही माझ्यापुढे आहात. मी कधी घुसत नाही."

पण घुसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच रांग मोडून त्या पुढे गेल्या. ओगुस्त केरव्हेल पलंगाशीच होता. जीवाला वाट द्यावी म्हणून तो खिडकी उघडायला वळला, आणि तसाच थांबला. ती उघडीच होती.

दफन आटोपल्यावर सगळे जेवायला निघाले. सरपंच त्रेहू मागे रेंगाळले. "तुमची सोय कशी करायची, केरव्हेल? आता उरली ती एकच."

केरव्हेल चालत गेला आणि फाटकाशी, आपल्या नव्या जागेवर उभा राहिला. समुद्रावरून वारा आला आणि त्याची टोपी उडवून राल्फ पेलिंगच्या कबरीवर टाकली.

"बघा," तो म्हणाला. "शेवटी मला झोतात झोपवलंच इंग्रजांनी."

तेव्हापासून रोज सकाळी आठ वाजता, कोंबड्याला शिव्या घालून झाल्या की तो तिथे जातो. सर्वांत आधी फाटक लावायला हात पुढे करतो. मग डॉरीनबाईंच्या दगडाकडे एकदा बघतो, फाटक तसंच सताड उघडं ठेवतो, आणि कोटाची गळ्याजवळची गुंडी लावून दोन मिनिटं उभा राहतो.