गुलाबकाका आणि गोल्फची काठी

गुलाबकाकांना चहा दिला की ते आधी कपाचा कान हलवून बघतात. कान पक्का आहे अशी खात्री पटली तरच कप उचलतात, तोही खाली दुसरा हात धरून. तोवर चहाचं सरबत झालेलं असतं.

रिठद गावात माझ्या शेजारी राहून वांगी-टमाटे पिकवणारा हा माणूस मूठ असलेल्या प्रत्येक वस्तूला भितो. बादलीची कडी, छत्रीचा दांडा, एसटीतला बार, सगळ्यांना आधी एक हिसडा. "हालते का पाह्य, मास्तर!" हे त्यांचं पालुपद. त्यांच्या संगतीनं मीसुद्धा शाळेत फळ्याला हिसडा देऊन मगच लिहायला लागलोय.

मागच्या महिन्यात नागपूरहून त्यांच्या रेखाचा फोन आला. ती तिथं नोकरीला आहे. "बाबा, मी गोल्फ शिकून राह्यली. काठ्या घ्याच्या हायत. तुमीच निवडून द्या."

काकांची भूकच पळाली. "मास्तर, त्या काठीले लोखंडाचं मुंडकं असते म्हणते. अन् खांद्यावरून फिरवतेत! तुमी चला माह्यासंगं. मले एकट्याले भेव लागते."

आमच्या जवळच्या मालेगावहून नागपूरची बस धरली. चार सीटा हलवून पाहिल्यावर काका पाचवीवर बसले. कंडक्टर आमच्याकडे बघत राहिला. कारंजा येईपर्यंत काका समोरच्या बारला हिसडे देत राहिले. मग एकदम म्हणाले, "रेखीच्या भिवईवर खूण हाय ना, ते म्या केली."

ती सात वर्षांची होती. भर उन्हाळ्यात काका अंगणात लाकडं फोडत होते. उन्हानं कुऱ्हाडीचा दांडा वाळून सैल होतो, म्हणून आमच्याकडे ती आदल्या दिवशी पाण्यात घालून ठेवतात. दांडा फुगतो, पातं घट्ट बसतं. त्या दिवशी काका नेमके विसरले. पातं निसटलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन समोर आलेल्या पोरीला लागलं. डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून काकांनी कुऱ्हाड धरलेली नाही. मी इतकी वर्षं त्यांच्या हिसड्यांना हसत होतो. मला लाज वाटली.

नागपूरला रेखा आम्हाला थेट दुकानात घेऊन गेली, तिथं काठ्यांची रांगच होती. विक्रेता म्हणाला, नवशिक्याला सगळ्या लागत नाहीत, सहा-सात पुरेत. हलका, जरा लवणारा दांडा बरा. रेखाच्या मनगटापासून जमिनीपर्यंत त्यानं टेप लावला आणि एक काठी काढून दिली.

काकांनी ती दोन हातांनी धरून हिसडली. "हे त लवते! पाचर कुठी हाय याची?"

"पाचर नसते, काका. मुंडकं चिकटवलेलं असतं," विक्रेता म्हणाला.

"चिकटोलं?" काका स्टुलावर बसले. बसण्याआधी स्टूल हलवायचं विसरले, यावरून मला त्यांच्या भीतीचा अंदाज आला. मग म्हणाले, "एक बादली पाणी आना. यायले बुडवून ठेवा. आमी उद्या येतो."

दुकानात हशा पिकला. मलाही हसू आलं होतं, पण रेखाकडे बघून ते जिरलं. ती हसत नव्हती. त्या बादलीचा अर्थ तिला बरोबर कळला होता.

कोपऱ्यात जाळी लावून चेंडू मारून बघायची सोय होती. रेखानं काठी काकांच्या हातात दिली. "बाबा, पयले तुमी मारा."

"नाही माय. मले नको सांगू."

"तुमी मारल्याबिगर मी घेत नाही."

काका उठले. काठी तीनदा हिसडली, मला हिसडायला लावली, विक्रेत्यालाही. "तू मांगं सरक."

"मांगंच हाओ, बाबा."

"अजून सरक."

ती सरकत सरकत पार दारापाशी गेली, तेव्हा काकांनी डोळे गच्च मिटून काठी फिरवली. माझेही डोळे मिटले, खोटं कशाला सांगू!

चेंडू जागचा हलला नव्हता. काकांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी आधी काठीचं मुंडकं चाचपलं, मग दारापर्यंत चालत जाऊन रेखाची भुवई.

"घे," ते म्हणाले, "घट्ट हाय."