ठिपका लाँड्रीला गेला

विश्रांती कशी घ्यावी हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं माझ्याकडे यावं! लोळणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. म्हणूनच आमच्या सायकल मोहिमेतला सुटीचा दिवस उजाडला, तेव्हा मी लॉजच्या खोलीत जाहीर करून टाकलं, "आज मी पलंगावरून खाली पाय ठेवणार नाही!"

मोहिमेत आम्ही तिघं. पुढे सिस्टर, म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या बाळांच्या वॉर्डातल्या निवृत्त मुख्य नर्स. मध्ये माझा मेव्हणा. आणि सगळ्यांवर नीट लक्ष ठेवता यावं म्हणून शेवटी मी. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना उबदार काचेची पेटी लागते. वॉर्डात ती एकच आहे, आणि बाळं काही रांगेत येत नाहीत! दुसऱ्या पेटीसाठी हा सगळा उपद्व्याप. तिचा खर्च कापडवाल्या शेठनी कबूल केला होता, पण अट घालून. "सगळी वाट स्वतःच्या पायांनी कापायची. फूटभर जरी गाडीत बसलात, तर पेटी विसरा!"

शेठना हे कळणार कसं? तर ठिपक्यावरून. काडेपेटीएवढं एक यंत्र आमच्याजवळ असायचं आणि आम्ही जिथे असू तिथे शेठच्या आणि घरच्या सगळ्यांच्या फोनच्या नकाशावर लाल ठिपका दिसायचा. यंत्र सांभाळायची जबाबदारी माझी. मी ते जर्सीच्या पाठीवरच्या खिशात ठेवत असे.

आणि जर्सी? ती मी सकाळीच तिघांच्या कपड्यांच्या गाठोड्यात बांधून लॉजच्या मालकाला दिली होती. त्यानं नाक दाबून गाठोडं लाँड्रीच्या गाडीत टाकलं. लॉज घाटमाथ्यावर, आणि लाँड्री होती काल मागे टाकलेल्या घाटाखालच्या गावात.

मी उशी मिठीत घेतो न घेतो, तोच बायकोचा फोन.

"निघालात? अहो, कळवायचं तरी! आई राहायला आलीय, तिला तुमच्या पलंगावर झोपवलंय."

"अगं, कोण निघालंय? मी लोळतोय इथे!"

"थापा मारू नका. ठिपका घराकडे येतोय!"

मी पाठीवर हात नेला. अंगात बनियन होतं. बनियनला खिसा नसतो!

मेव्हण्यानं नकाशा उघडला. "दाजी, काय सुटलाय हो ठिपका! आपण जन्मात असे पळालो नाही."

तेवढ्यात शेठचा फोन. "अहो, उलटे कुठे निघालात? आणि हा वेग कसला? गाडीत बसलात वाटतं!"

आता इथे सरळ खरं सांगायचं की नाही? पण माझी जीभ! ती माझ्या आधी धावते. "छे हो शेठ! कालचा चढ इतका आवडला, की आज परत चढणार आहोत! त्यासाठी खाली उतरतोय. उतारावर वेग यायचाच!"

कालच्या चढावर मी रडलो होतो. खरोखर रडलो होतो. डोळ्यात चिलट गेलं म्हणून वेळ मारून नेली.

शेठ गहिवरले. "सुटीच्या दिवशी? वा रे पठ्ठे! थांबा, नकाशा दुकानातल्या टीव्हीवरच लावतो. अख्ख्या बाजारपेठेला बघू दे!"

फोन ठेवून वळलो, तर दारात सिस्टर.

"परत चढणार म्हणालात?"

"तोंडातून निघून गेलं हो. यंत्र आपण हळूच गाडीनं वर आणू आणि..."

"बाळांच्या नावानं थाप मारलीत. ती थाप राहता कामा नये. बूट घाला."

"सिस्टर, आज विश्रांती..."

"घाला!"

या आवाजाला मोठमोठे डॉक्टर चळचळा कापत, मी कोण? मी बूट घातले. मेव्हणा डोक्यावरून पांघरूण घेऊन इतकं खोटं घोरत होता, की मलाच त्याची लाज वाटली. सायकलचे कपडे लाँड्रीत, म्हणून मी पायजम्यावरच निघालो. साखळीत अडकू नये म्हणून एका पायाला सुतळी बांधली.

घाट उतरून लाँड्रीत पोचलो, तर माझी जर्सी मशीनमध्ये गरगरत होती. पुन्हा शेठ!

"ठिपका हलत का नाही?"

"पाण्यामुळे खोळंबलोय, शेठ!" मी म्हणालो. सकाळपासूनचं माझं हे पहिलं खरं वाक्य.

लाँड्रीवाल्यानं मशीन थांबवून यंत्र काढलं. ठणठणीत होतं, वर साबणाचा घमघमाट. सिस्टरनी ते माझ्या हातात ठेवलं आणि आम्ही चढ धरला.

काय सांगू! मी जरा टेकलो की फोन वाजे. "ठिपका थांबला! बाजारपेठ काळजीत आहे!" की मी पुन्हा सायकलवर. पुढे सिस्टर मात्र एका लयीत पायडल मारत होत्या. थांबणं नाही, कण्हणं नाही.

"सिस्टर, तुमचे पाय दुखत नाहीत?"

"दुखतात की."

"मग?"

"पेटी एक आणि बाळं दोन, असं झालं की दुसरं बाळ छातीशी धरून मी तासन् तास उभी राहायचे. पाय तेव्हाही दुखायचे."

अशा बाईच्या मागे सायकल हाकायला मिळते हे आपलं भाग्य, असं वाटलं आणि मी डोळे पुसले. चिलट नव्हतं!

माथ्यावर पोचलो तेव्हा फोनमधून टाळ्यांचा कडकडाट. सिस्टरनी फोन माझ्या हातातून घेतला.

"शेठ, एक सांगायचंय. सकाळी ठिपका खाली गेला तो लाँड्रीच्या गाडीतून. आम्ही तेव्हा लॉजवर होतो. पेटीचं काय ते तुम्ही ठरवा."

संपलं! गेली पेटी!

"आणि वर कसे आलात?" शेठनी विचारलं.

"सायकलवर. हे तर पायजम्यावर."

पलीकडे एकदम हास्याचा स्फोट झाला. "अहो, उतार काय, दगडही उतरतो! चढलात ना? पेटी पक्की!"

मी मटकन खाली बसलो. "सिस्टर, हे सकाळीच सांगितलं असतं, तर चढायचं वाचलं असतं!"

"सकाळी तुमचं बोलणं खोटं होतं. आता खरं झालंय. आता बाकीचं सांगायला लाज नाही."

मी पायाची सुतळी सोडायला घेतली. फोन अजून चालूच होता. त्यातून शेठ ओरडले,

"सिस्टर, त्यांना सांगा, पुढच्या सुटीला मीही सायकल घेऊन येतो! चढाची एवढी आवड असलेला सोबती मला आजवर भेटलाच नव्हता. आपण दोनदा चढू! चालेल ना हो?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण धाप इतकी लागली होती, की तोंडातून फक्त "हां... हां..." एवढंच निघालं.