तायडे मास्टरांची ट्रायल

आमच्या गल्लीतली चार कुत्री बूट घालून फिरतात. लाल कापडाचे, घोट्याशी पट्टी असलेले, दुहेरी शिलाईचे बूट. चार कुत्र्यांचे सोळा बूट, आणि त्यातले तीन-चार रोज कुठल्या तरी ओट्याखाली सापडतात. ज्याला सापडतील तो निमूटपणे ते तायडे मास्टरांच्या कुंपणावर अडकवून पुढे जातो. इंदुरातल्या या परदेशीपुऱ्यात नवा आलो तेव्हा मला हा कसला तरी नवस असावा असं वाटलं होतं.

मी मूळचा साताऱ्याचा. इथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो आणि मास्टरांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. मास्टर एका रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते. त्यांचे वडील महूला फौजेत होते, त्यामुळे पहाटे उठणं आणि ताठ उभं राहणं त्यांच्याकडे घरातूनच आलेलं. बाकी सगळं कात्रीने दिलेलं. माणसाच्या चेहऱ्याआधी ते त्याचे खांदे बघतात. पहिल्या भेटीत मी पाण्याची वेळ विचारत होतो, तर म्हणाले, "सर, डावा खांदा अर्धा इंच खाली आहे तुमचा. बॅग दुसऱ्या हातात घ्या भिया." इंदुरात भाऊचा भिया होतो. तेव्हापासून मी आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहतो.

कुत्र्यांची नावंही शर्टाच्या मापाची: छत्तीस, अडतीस, चाळीस आणि बेचाळीस. छत्तीस ही कुत्री सगळ्यात लहान आणि सगळ्यात समजूतदार, म्हणून तिचा मान पुढचा. दसरा झाला की मास्टर पहाटे या चौघांना नवारीच्या पट्ट्यांनी कारखान्यातल्या जुन्या ट्रॉलीला जुंपतात, स्वतः ट्रॉलीवर उभे राहतात आणि म्हणतात, "चलो भिया." वरात निघते. दर दहा मिनिटांनी थांबून, चष्मा लावून सोळा तळवे तपासायचे, पाणी पाजायचं, पुन्हा "चलो भिया." रोज अंतर थोडं वाढवायचं. वाटेत दूधवाला विचारतो, "मास्टरजी, सवारी किधर?" मास्टर मान न वळवता सांगतात, "ट्रायल है."

ट्रायल हा त्यांचा सगळ्यावरचा शब्द. नवीन सून आलेल्या घराची ट्रायल चालू असते, नव्या नगरसेवकाची ट्रायल चालू असते. मी इंदुरात चार वर्षं काढली तरी माझी अजून चालूच आहे.

या बुटांच्या मुळाशी होती सुजाता, त्यांची एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली, मास्टरांनीच वाढवलं. जनावरांची डॉक्टर झाली, पुढे शिकायला नॉर्वेला गेली आणि तिकडे पार उत्तरेला, बर्फावरून घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या एका तळावर कामाला लागली. ती कुत्री शेकडो किलोमीटरच्या शर्यती धावतात. शर्यत थंडीत असते, पण तयारी शरदातच सुरू होते. तेव्हा बर्फ नसतो, म्हणून कुत्र्यांना चारचाकी गाडीला जुंपून खडीच्या रस्त्यावर रोज थोडं जास्त पळवतात. खडीने तळवे सोलवटतात, म्हणून पायात बूट घालावे लागतात आणि ते भराभर फाटतात.

हे तिने एका रविवारी फोनवर सांगितलं. बापलेकीचा रविवारचा फोन दोन मिनिटांचा असे: जेवण झालं का, गोळी घेतली का, थंडी किती. त्या दिवशी ती बुटांवरच पाच मिनिटं बोलली. मास्टर दुपारी राजवाड्याच्या बाजारात जाऊन लाल कापड घेऊन आले.

त्यांनी शिवलेल्या बुटांचं पहिलं पार्सल नॉर्वेला पोचलं, तेव्हा ती म्हणाली, "छान आहेत, पण जरा घट्ट होतात." दुसऱ्या कुणी तिथेच माप मागितलं असतं. पण मास्टरांनी जन्मभर नजरेने मापं घेतलेली. "पोरीला माप विचारू? मग अपन मास्टर कशाचे?" ते तिचा व्हिडिओ मध्येच थांबवत, मोबाइलच्या काचेवर टेप लावत आणि वहीत आकडे लिहीत. निघालेलं माप उंदराच्या पायाचं असायचं. मग ते अंदाजाने वाढवायचं, बूट शिवायचा, छत्तीसच्या पायात घालायचा. आणि ओझं ओढताना बूट कसा बसतो हे उभ्या कुत्र्यावर कळत नाही, म्हणून ती ट्रॉली. मी त्यांचे फोटो काढून साताऱ्याच्या मित्रांना पाठवायचो. आम्ही खूप हसायचो.

मास्टरांची आणखी एक तऱ्हा होती. त्यांच्या फाटकाला कडी नव्हती. गाई आत येऊन अंगणात ठेवलेल्या माझ्या कुंडीतली मेथी खाऊन जात. शेवटी मीच एक कडी आणून दिली. त्यांनी ती कपाटात ठेवली आणि म्हणाले, "राहू दे सर, असंच बरं आहे."

यंदा शरदात तळावरच्या कुणी तरी सुजाताचा एक व्हिडिओ टाकला. ती इंग्रजीत बोलत होती, म्हणून मास्टरांनी मला खाली बोलावलं. संध्याकाळची वेळ, कुत्र्यांची घरं ओळीने, आणि ती एकेक फाटक लावत चाललेली. टोकाला पोचून ती परत फिरली आणि प्रत्येक कडी पुन्हा ओढून बघू लागली. कुणी तरी कारण विचारलं. तिचं उत्तर मी मास्टरांना मजेत मराठीत सांगितलं: लहानपणी माझा शेरू नावाचा कुत्रा होता. मी फाटक लावायला विसरले आणि तो निघून गेला. तेव्हापासून प्रत्येक कडी मी दोनदा बघते.

मास्टरांच्या हातात अर्धा शिवलेला बूट होता. तो त्यांनी खाली ठेवला. "परत लावा," म्हणाले. मी तीनदा लावला.

मग त्यांनी सांगितलं. शेरूने घरी आणलेलं एका मोठ्या ऑर्डरचं कापलेलं कापड फाडलं होतं. मास्टरांनी रागाच्या भरात त्याला स्कूटरवर पायांमध्ये बसवून शहराबाहेर लांब देपालपुरला नेलं, मंडीच्या पलीकडे सोडलं, आणि घरी येऊन पोरीला सांगितलं की फाटक उघडं राहिलं होतं. ती तेव्हा आठवीत होती. तीन दिवस ती गल्लीगल्लीतून शेरूला हाका मारत फिरली. मास्टरही तिच्याबरोबर फिरले, हाका मारत. चौथ्या दिवशी ते एकटे देपालपुरला जाऊन आले. शेरू मिळाला नाही. परतल्यावर त्यांनी फाटकाची कडी काढून टाकली. रात्री-अपरात्री तो आलाच, तर बाहेर राहू नये.

माझ्याकडे सल्ला नेहमी तयार असतो. मी म्हणालो, इतकी वर्षं झाली, आता कशाला उकरून काढता, ती सुखात आहे. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

मास्टर म्हणाले, "ती रोज दोन चक्कर मारते सर, माझ्यामुळे. फोन लावा."

बोलायला ते उभे राहिले. "सुजाता, त्या दिवशी फाटक तू लावलं होतंस. शेरूला मी सोडून आलो, देपालपुरला."

तिकडे कुत्री भुंकत होती. ती म्हणाली, "तुम्ही माझ्याबरोबर हाका मारत होतात, बाबा."

"हो," मास्टर म्हणाले. तिने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मास्टर रोज पहाटे ट्रॉली काढत होते, तळवे तपासत होते, पण दूधवाल्याने विचारलं तर नुसता हात हलवत. मी माझ्या मोबाइलमधले त्यांचे सगळे फोटो पुसून टाकले. त्याने काही होणार नव्हतं, तरी पुसले.

तिसऱ्या रविवारी चौदा फोटो आले. प्रत्येकात कुत्र्याचा एक पंजा, शेजारी ताणून धरलेली टेप, खाली कुत्र्याचं नाव. शेवटी एक ओळ: पुढचे पाय पाव इंच सैल ठेवा.

मी म्हणालो, "बघा मास्टर, तिने मापं पाठवली." मला खरंच आनंद झाला होता.

ते चष्मा लावून मेसेज वरखाली करत राहिले. फोटो पुन्हा पहिल्यापासून बघितले, ती ओळ पुन्हा वाचली. काय शोधतायत ते मला कळेना.

"कुठेच 'बाबा' लिहिलं नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी लाल कापड पसरलं, खडू घेतला आणि पहिल्या पंजाची रेघ पाव इंच बाहेरून मारली.